बाप्तिस्म्याचं तळं

चर्च म्हटलं की लोकांना शांत, गंभीर जागा आठवते. आमच्याकडे या एकदा! यवतमाळ जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, फुलसावंगीहून उमरखेडकडे जाताना लागणारं आमचं गाव आणि त्यात पंचवीस-तीस घरांची आमची मंडळी. रविवारची उपासना संपली की दाराशी चपला शोधता शोधता एखादा तरी किस्सा तयार होतोच. एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, दुसऱ्यापाठोपाठ तिसरा, आणि घरी भात गार होतो.

या वर्षी मात्र नवलच झालं. झाडून सगळे किस्से एकाच जागेभोवती फिरत राहिले. तांड्याजवळचं तळं!

मी दयानंद साळवे. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. माझं नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण माझा आवाज अख्ख्या पंचक्रोशीला पाठ आहे. चर्चमध्येही रविवारच्या सूचना मीच वाचतो, आणि पाळकसाहेब म्हणतात की त्या ऐकताना माणूस नकळत पिशवी उचलतो.

* * *

आमच्यात बाप्तिस्मा पोरं मोठी झाल्यावर होतो, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. डोक्यावर चार थेंब शिंपडणं आमच्या मंडळीला मान्य नाही. चर्चमध्ये हौद नाही, म्हणून पहिल्यापासून सगळे तळ्यावर जातात. माझ्या वडिलांचा तिथंच झाला, माझाही तिथंच.

यंदा जानेवारीत दोघं होते. आधी प्रशांत, मग माझी मुलगी एस्तेर. प्रशांत सहा फुटी गडी. पाळकसाहेबांनी त्याला पाठीवर हात देऊन खाली नेलं, वर काढलं, आणि काठावरची मंडळी टाचा उंचावून बघायला लागली. प्रशांतच्या कपाळावर चिप्सचं रिकामं पाकीट चिकटलं होतं! साहेबांचे डोळे मिटलेले, हात आकाशाकडे, तोंडानं आशीर्वाद चाललेला. गायन मंडळानं घाईघाईनं गीत सुरू केलं, पण अर्ध्यांना हसू दाबता दाबता सूरच लागेना.

मनोरमाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. बाप्तिस्म्यात जुना माणूस बुडतो आणि नवा वर येतो, असं आमच्याकडे शिकवतात. बाई शांतपणे म्हणाल्या, "जुना मानूस बुडाला, पन पाकीट वर आलं बापा."

मग एस्तेरची पाळी. पांढऱ्या कपड्यात गुडघाभर पाण्यात गेली आणि थांबली. आजूबाजूला पिशव्या, थर्माकोल, औषधाच्या बाटल्या. पाळकसाहेबांनी हात पुढे केला. ती म्हणाली, "साहेब, मी देवाले नाही म्हणून नाही राह्यली. या पाण्याले म्हणून राह्यली. हे साफ झालं की इथंच घेईन."

साहेब नगरकडचे, तरुण, पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांनी सुचवलं की यवतमाळला ओळखीच्या चर्चमध्ये टाइल्सचा छान हौद आहे. एस्तेर म्हणाली की आबांचा इथं झाला, बाबांचा इथं झाला, मग मी टाइल्समध्ये कायले जाऊ? जूनमध्ये तिला नर्सिंगसाठी नागपूरला जायचं होतं. म्हणजे जे काय करायचं ते उन्हाळ्याच्या आत. पोरगी ओल्या परकरानं घरी निघाली, आणि तिच्यामागे आम्ही सगळे.

* * *

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा भरली. तळ्याचं काय करायचं?

थॉमसकाका उठले. हे आमचे ज्येष्ठ पंच, रिटायर तलाठी. काकांची दोन वैशिष्ट्यं. एक म्हणजे त्यांची प्रार्थना. ती सुरू झाली की उभे राहिलेले लोक एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतात, आणि मग परत पहिल्यावर. दुसरं म्हणजे भीती. आपण गावात मूठभर आहोत, उगाच चारचौघांत दिसायला नको, हे त्यांचं कायमचं म्हणणं. तळं साफ करायला गेलो तर लोक म्हणतील यांचा काहीतरी डाव आहे, नगरपंचायतीत गेलो तर नाव होईल, पेपरात आलं तर संपलंच. आपलं काम प्रार्थना करायचं.

मनोरमाबाईंनी विचारलं, "कचरा देवानं टाकला काय? मंग तक्रार त्याच्याकडंच काहून?"

पाळकसाहेबांनी दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून ठरवलं की आधी प्रार्थना करू, मग बोलू. आणि प्रार्थना अर्थातच काकांनी करायची. काकांनी सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात केली. आम्ही डोळे मिटले. जलप्रलय झाला, तांबडा समुद्र दुभंगला, काका हळूहळू आमच्या जिल्ह्यापर्यंत आले. शेवटी म्हणाले, "प्रभू, तुझी माणसं उठव आणि त्यांना पाठव. आमेन."

आम्ही डोळे उघडले. आमच्याकडे बायका डाव्या बाजूला बसतात. डावी बाजू रिकामी होती!

कोपऱ्यातल्या टोपल्या गायब, झाडू गायब. खिडकीतून पाहिलं तर मनोरमाबाई पुढे, एस्तेर मागे, आणि पूर्ण महिला मंडळ पदर खोचून तळ्याच्या रस्त्याला लागलेलं. काका रागावले, पण काय बोलणार? मागितलेलं मिळालं होतं.

* * *

आम्ही पुरुष धावत तळ्यावर पोचलो, तर काठावर रामू नाईक उभे. हे तांड्याचे नायक. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरायचे, आता रामूभाऊंची शेती आहे आणि म्हशींचा मोठा कळप आहे. त्या म्हशी याच तळ्यावर येतात. मागच्या वर्षी त्यातली एक प्लास्टिक खाऊन मेली.

रामूभाऊंनी आमच्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "गावात बोलून राह्यले का चर्चवाल्याईले तळं पायजे. तुमाले तळं कायले पायजे?"

थॉमसकाकांनी मला कोपरानं ढोसलं आणि कानात सांगितलं की समाजसेवा म्हण, फक्त समाजसेवा. मी तोंड उघडणार इतक्यात एस्तेर चिखलातून वर आली.

"काका, मले बाप्तिस्मा घ्याचा हाये यात. डोक्यापर्यंत आत जा लागते. अन् हे पाणी तुमच्या म्हशीनंबी प्यावं असं नाही राह्यलं."

थॉमसकाकांनी कपाळाला हात लावला. रामूभाऊंनी आधी पाण्याकडे पाहिलं, नंतर एस्तेरकडे. मग म्हणाले, "म्हंजे तुहं डोकं अन् माह्या म्हशी, एकाच पान्यात."

"हो."

"मंग ठीक हाये," असं म्हणून त्यांनी पायजमा वर खोचला, तांड्याकडे तोंड करून दोन हाका मारल्या आणि आत उतरले. परत येताना मला एवढा आनंद झाला होता की घरी न जाता मी सरळ चर्चमध्ये गेलो आणि रिकाम्या बाकावर बसून राहिलो. खरं बोलायला इतकं कमी लागतं, हे मला पोरीनं शिकवलं.

* * *

आता पुढचा किस्सा काकांसमोर सांगायचा नाही, एवढं सांभाळा.

काका तेव्हाही काठावरच उभे राहायचे. हात पाठीशी, चेहरा गंभीर. कचरा टाकणाऱ्या समाजाबद्दल ते आम्हाला माहिती द्यायचे. लोकांना संस्कार नाहीत, सार्वजनिक जागेची जाणीव नाही, वगैरे. आमचं वाकून वाकून कंबरडं मोडलेलं, आणि वरून काकांचं प्रवचन.

एके दिवशी रामूभाऊंच्या हाताला गाळात काहीतरी मोठं लागलं. चौघांनी मिळून ओढलं. लांबच लांब फ्लेक्स बाहेर आला, चिखलानं माखलेला. रामूभाऊंनी त्यावर दोन घमेली पाणी ओतलं. आधी एक चांदणी दिसली. मग "नाताळच्या हार्दिक शुभेच्छा". मग हात जोडलेले थॉमसकाका, हसतमुख, सूटबूट घातलेले!

मागच्या नाताळात चर्चसमोर लावलेला आमचाच बॅनर होता तो. त्याच्याखालून आमच्याच प्रीतिभोजनाच्या थर्माकोलच्या थाळ्या निघायला लागल्या. एक, दोन, दहा, संपेचनात. चर्चचं अंगण झाडून आम्ही सगळं नगरपंचायतीच्या ट्रॅक्टरमध्ये दिलं होतं आणि आमचं गाव स्वच्छ झालं होतं. ट्रॅक्टर कुठं जातो ते कुणी पाहिलंच नव्हतं.

कुणी हसलं नाही. रामूभाऊंनी फ्लेक्स काठावर नीट पसरला आणि काकांना म्हणाले, "काका, तुमी तं आमच्या आंधीच आलते इथं."

काकांनी फ्लेक्सवरच्या स्वतःकडे पाहिलं. मग बूट काढले, मोजे काढून बुटात ठेवले आणि आत उतरले. त्या दिवसापासून सगळ्यात शेवटी बाहेर येणारा माणूस म्हणजे थॉमसकाका. आणि आमच्या प्रीतिभोजनाला आता प्रत्येकानं घरून ताट आणायचं, हा ठरावही त्यांनीच मांडला.

* * *

पण आम्ही काढत होतो आणि ट्रॅक्टर रोज नवा कचरा आणून काठावर ओतत होता. तेव्हा नगरपंचायतीत जाणं आलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पण घरून निघाल्यापासून त्यांचे ओठ हलत होते.

मुख्याधिकारी साहेब अजून यायचे होते. शिपायानं आम्हाला केबिनमध्ये उभं केलं. काकांचा धीर सुटला असावा. त्यांनी मान खाली घातली, हात जोडले आणि मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. आमच्यात एकानं मान खाली घातली की बाकीच्यांची आपोआप जाते. पाळकसाहेब, मनोरमाबाई, मी, रामूभाऊ, सगळे माना खाली घालून गप्प उभे.

तेवढ्यात मुख्याधिकारी साहेब आत आले. आम्हाला पाहिलं आणि दारातच सावधान उभे राहिले. मागून हेडक्लार्क आला, तोही उभा. बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले आणि पूर्ण ऑफिस उठून उभं राहिलं. काकांची प्रार्थना म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. पंखा तेवढा फिरत होता.

शेवटी साहेबांनी मनोरमाबाईंच्या जवळ येऊन अगदी हळू विचारलं, "कोण गेलं हो?"

मनोरमाबाईंनी डोळे उघडले. "तळं, साहेब. अजून धुगधुगी हाये, म्हून आलो."

साहेब बसले. हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तळ्यावर कचरा टाकू नये असा आदेश काढायला आमच्यासमोर हेडक्लार्कला सांगितलं. आम्ही नाचायचंच बाकी होतं!

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर हजर. ड्रायव्हर म्हणाला की आपल्यापर्यंत काही आदेश आला नाही, जिथं सांगितलं तिथं आणतो.

आता काय करायचं? भांडायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत. ईस्टर जवळ आला होता, गायन मंडळाचा सराव सुरू व्हायचा होता. मनोरमाबाईंनी सुचवलं की सराव सकाळी ट्रॅक्टरच्या वेळेला, तळ्याच्या रस्त्यावरच घेऊ. थॉमसकाका बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरात गातात, आणि त्यांचा एक नियम आहे. गीत अर्ध्यात थांबवायचं नाही, तो देवाचा अपमान. सगळी कडवी म्हणायची, आणि सावकाश.

ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजला. काकांनी मागे न बघता एक बोट वर केलं, म्हणजे कडवं संपू द्या. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. आमच्यामागे रामूभाऊंच्या म्हशी रस्त्यात बसलेल्या, आणि बसलेल्या म्हशीला कुठलाच आदेश लागू होत नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, बिडी ओढली, घड्याळ पाहिलं आणि ट्रॉली वळवून निघून गेला. हेच रोज. मनोरमाबाई त्याला थर्मासमधला चहा द्यायच्या, तो प्यायचा आणि परत जायचा.

मग एका सकाळी ट्रॅक्टर आलाच नाही. आम्ही गात होतो, पण सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. थोड्या वेळानं ड्रायव्हर सायकलवर आला आणि बाजूला उभा राहिला. आदेश मिळाला होता म्हणे, आता कचरा डेपोवरच टाकून राह्यलो. मग तू इकडं कसा, असं काकांनी विचारलं.

तो म्हणाला, "तुमचं शेवटचं कडवं रोज राहून जाते. म्हून आलतो."

* * *

आता माझा. हसू नका.

वरचा कचरा निघाला, उन्हानं पाणीही जवळजवळ आटलं, पण खालचा गाळ आमच्या ताकदीबाहेरचा होता. त्याला गाव लागणार होतं. रामूभाऊंनी तांडा उठवला, पण गावातले लोक? मी वरच्या साहेबांना फोन करून शनिवारी तळ्याजवळ गाडी थांबवायची परवानगी मिळवली आणि शुक्रवारी माईक हातात घेतला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. उद्या उमरखेडकडे जाणारी सकाळची गाडी तांड्याच्या तळ्याजवळ विनंतीवरून थांबेल. गाळ काढण्यासाठी उतरणाऱ्यांनी फावडी व घमेली सोबत ठेवावीत." इथपर्यंत ठीक होतं. पण इतक्या मनापासून मी फक्त चर्चमध्ये बोलतो, आणि तोंडाला सवय. माईक चालूच होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमेन."

भर स्टँडवर! चारही फलाटांवर! मी घाईनं माईक बंद केला. आता कुणीतरी काहीतरी बोलणार, थॉमसकाका म्हणत होते तेच होणार. तेवढ्यात समोरच्या पानठेल्यावरून आवाज आला, "आमेन! अन् घमेलं नाही मायाकडं, तेबी सांगा कोन देते!"

शनिवारी गाडीतून इतके लोक उतरले की कंडक्टरही खाली येऊन बघायला लागला. दुपारपर्यंत गाळ काठावर, तो शेतात न्यायला बैलगाड्या रांगेत. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं पानठेलेवाला उसन्या घमेल्यानं उपसत होता, तिथं खालून पाणी आलं. झरा! गार, स्वच्छ, बुडबुडे येणारं पाणी! रामूभाऊंनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि दुसरी भरून एस्तेरपुढे केली. तीही प्याली. लोक अक्षरशः ओरडायला लागले, मीही.

* * *

आता शेवटचा.

ईस्टरचा रविवार. तळं कमरेच्या वर भरलेलं, तळाचे खडे दिसत होते. काकांना पुन्हा जुनी भीती लागली होती. पहाटेच कुणाला न सांगता उरकून टाकू, असं त्यांनी सुचवलं होतं. एस्तेर म्हणाली की पाणी सगळ्याईनं काढलं, मग लपून काहून?

आम्ही पोचलो तर बांधावर ही गर्दी! गाव होतं, तांडा होता, पानठेलेवाला होता, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता. काका माझ्या बाजूला उभे, कॉलर घामानं ओली. ते मला विचारत होते की एवढे लोक कायले आले असतील, आणि मला तरी कुठं माहीत होतं.

त्यात म्हशी. रामूभाऊंच्या सगळ्या म्हशी बांधावर रांगेनं बांधलेल्या आणि एकसारख्या हंबरत होत्या. पाळकसाहेब संदेश देत होते, पण एक वाक्य धड ऐकू येईना. साहेब आवाज चढवत, म्हशी त्याहून चढवत. काकांनी मला सांगितलं की जा बाबा, आजच्या दिवस जरा दूर न्यायला सांग. मलाही राग आला होता. माझ्या पोरीचा दिवस होता.

मी बांध चढून गेलो आणि रामूभाऊंना म्हटलं की भाऊ, काहून ओरडून राह्यल्या ह्या?

"तहान लागली त्याईले," रामूभाऊ म्हणाले. "काल संध्याकाळपासून पान्यावर सोडल्या नाई. म्हशी उतरल्या का पानी दिवसभर गढूळ राह्यते. आंधी पोरीचं होऊ द्या."

मी खाली आलो. काकांना सांगितलं.

एस्तेर पाण्यात उतरली. पाळकसाहेबांनी पाठीवर हात ठेवला, ती पूर्ण आत गेली आणि वर आली. चेहऱ्यावरून नुसतं पाणी ओघळत होतं, दुसरं काही नाही. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही. मनोरमाबाईंनी टॉवेल घेऊन धाव घेतली.

आता समाप्तीची प्रार्थना. ती थॉमसकाकांची, पहिल्यापासून ठरलेली. काका पाण्याच्या वाटेवर मधोमध येऊन उभे राहिले. डोळे मिटले, दोन्ही हात वर केले, मोठा श्वास घेतला. आम्ही सवयीप्रमाणे अंगाचा भार एका पायावर घेतला.

बांधावर एक म्हैस हंबरली.

काकांनी डोळे उघडले. वर पाहिलं.

"आमेन," ते म्हणाले, आणि वाटेतून बाजूला झाले.